हात धुण्याची जागा: चुलीजवळ, कोठ्याजवळ, धुऱ्यावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की जिल्हा पानावर गॅस्ट्रोच्या साथीच्या बातम्या सुरू होतात आणि त्यांच्यासोबत एक तक्रार हमखास येते: अंगणवाडीतली सॅनिटायझरची बाटली रिकामी आहे, गावच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, त्यासाठी तालुक्याला जावे लागते. तक्रार खरी आहे. पण आपल्या खेड्यांतल्या हातांना सॅनिटायझरपेक्षा जास्त निकड आहे ती पाणी आणि साबण एकाच ठिकाणी, कामाच्या जागेपासून दहा पावलांत असण्याची. ती सोय कशी करायची, ती कुठे फसते आणि का फसते, हे सविस्तर मांडावे म्हणून हे पत्र.

आधी बाटलीचा हिशेब. सॅनिटायझर एका वेळी तळहातात मावेल एवढे, म्हणजे साधारण ३ मि.ली. घ्यावे लागते आणि ते वाळेपर्यंत २० ते ३० सेकंद चोळावे लागते. दहा सेकंदांतच हात कोरडे झाले तर ते कमी पडले असे समजा. १०० मि.ली.च्या बाटलीत असे जेमतेम ३३ वापर होतात. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाने दिवसातून सहा वेळा हात स्वच्छ करायचे म्हटले तर ३० वापर झाले. म्हणजे बाटली एका दिवसाची. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने सॅनिटायझर अत्यावश्यक वस्तू ठरवून २०० मि.ली.ला कमाल १०० रुपये भाव बांधून दिला होता. त्या भावानेही एका कुटुंबाला रोजचे ५० रुपये लागले असते. मजुरीवर चालणारे घर हा खर्च करणार नाही, आणि त्याने तो करूही नये.

दुसरी बाब हातांवर काय लागलेले असते याची. सॅनिटायझरमधले अल्कोहोल काम करते ते कोरड्या आणि वरवर स्वच्छ हातांवर. शेण कालवलेल्या, ग्रीस लागलेल्या किंवा निंदण करून चिखलाने भरलेल्या हातांवर ते मळाच्या वरच फिरते, खाली पोचत नाही. जंतांच्या अंड्यांवर त्याचा परिणाम नाही, जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर कमी आहे, आणि कीटकनाशक तर त्याने निघतच नाही. शिवाय कापूस वेचताना बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटांना चरे पडलेले असतात. त्यावर अल्कोहोल पडले की अशी आग होते की वेचणारी बाई दुसऱ्यांदा हात पुढे करत नाही. साबणाची रीत वेगळी. त्याच्या कणाचे एक टोक तेलकट पदार्थाला धरते, दुसरे पाण्याला. चोळले की मळ, चिकटलेले जंतू आणि फवारणीच्या औषधाचा अंश कातडीवरून सुटतो आणि धारेबरोबर वाहून जातो. कोरोनासारख्या विषाणूंवरचे चरबीचे आवरणही साबणाने फुटते. म्हणून घरात, शेतात आणि शाळेत पहिला मान साबणाचा आहे. सॅनिटायझर हे एसटीत, दवाखान्यात, लसीकरणाच्या टेबलावर, जिथे पाणी नाही अशा जागेचे साधन आहे.

साबणाची वडी महाग वाटत असेल किंवा हरवत असेल तर साबणपाणी करा. कपड्यांची साधी धुण्याची पावडर ३० ग्रॅम, दीड लिटर पाण्यात. बांगलादेशातल्या वस्त्यांमध्ये हेच प्रमाण वापरले गेले आहे. ३० ग्रॅम अंदाजाने घेऊ नका. किराणा दुकानात एकदा काट्यावर तोलून घ्या आणि घरच्या वाटीला तेवढ्यावर खूण करून ठेवा. आधी अर्धा लिटर पाण्यात पावडर पूर्ण विरघळवा, मग उरलेले लिटरभर पाणी घाला. सगळे एकदम ओतून बाटली हलवली तर नुसता फेस होतो, तळाशी गोळे राहतात आणि झाकणाचे छिद्र तुंबते. गोणी शिवायचे दाभण तापवून झाकणाला एकच छिद्र पाडा. बाटली दाबली की ३ मि.ली.च्या आसपास पाणी हातावर येते, म्हणजे एका बाटलीत सुमारे ५०० वेळा हात धुता येतात. पाच माणसांच्या घराला पंधरवडा पुरते. पावडर जास्त टाकल्याने हात अधिक स्वच्छ होत नाहीत, कातडी मात्र कोरडी पडून फुटते, आणि फुटलेल्या कातडीत मळ आणखी बसतो. त्यामुळे प्रमाण पाळा, हात नीट खळखळून घ्या आणि रात्री थोडे खोबरेल लावा. बाटली थंड पेयाची असेल तर तिचे लेबल काढून गळ्याला लाल चिंधी बांधा. तहानलेले मूल बाटलीत काय आहे हे विचारत नाही.

पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांच्या त्या गावांत, साबणाला फेसच येत नाही अशी तक्रार असते. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतात आणि हातावर पांढरट, चिकट साका उरतो. माणसाला वाटते साबण खराब आहे. तो आणखी साबण लावतो, साका आणखी वाढतो. अशा गावांत वडीपेक्षा वरचे पावडरीचे साबणपाणी बरे, कारण धुण्याच्या पावडरीचे जड पाण्यात इतके बिनसत नाही. ते करण्यापुरते दीड लिटर पाणी पावसाचे किंवा टँकरचे गोडे वापरले, आणि हात खळखळायला बोअरचे घेतले, तरी चालते.

आता धारेची सोय. बादलीत हात बुडवून धुणे म्हणजे पहिल्याचा मळ दुसऱ्याच्या हाताला देणे. तांब्याने पाणी घ्यायचे तर एका हाताने तांब्या धरावा लागतो, दोन्ही हात एकमेकांवर चोळता येत नाहीत, आणि शेणाच्या हाताने धरलेला तांब्या धुतलेल्या हाताने परत धरावा लागतो. यावर पायाने चालणारा डबा हा उत्तम उपाय आहे. काही शाळांमध्ये तो टिप्पी टॅप नावाने ओळखतात.

लागते ते सगळे घरात असते. खाद्यतेलाचा ५ लिटरचा मुठीचा कॅन, सुमारे २ मीटर लांबीच्या दोन बेचक्याच्या काठ्या, मीटरभर लांबीच्या दोन सरळ काठ्या, एक आडवी आणि एक पायाने दाबायला, नायलॉनची दोरी, एक खिळा. कॅन फवारणीच्या औषधाचा नको, कितीही वेळा धुतलेला असला तरी नको. त्याचे प्लास्टिक औषध शोषून घेते.

बेचक्या दोन फुटांच्या अंतरावर दीड फूट खोल पुरा. आपल्या काळ्या मातीत इथेच पहिली चूक होते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नुसत्या मातीत पुरलेली काठी पहिल्या दोन महिन्यांत तिरकी होते. खड्ड्यात दगड आणि मुरूम घालून ठोकून बसवा. आडवी काठी कॅनच्या मुठीतून ओवून बेचक्यांवर ठेवा. ती गुळगुळीत हवी. बांबू असेल तर पेर तासून घ्या, नाहीतर कॅन कलतो आणि तसाच अडकून राहतो, पाणी सगळे वाहून जाते. खिळा तापवून कॅनच्या पुढच्या बाजूला, झाकणाखाली १२ सें.मी. अंतरावर छिद्र पाडा. पाणी त्या छिद्राच्या खालपर्यंतच भरायचे, तीनेक लिटर. म्हणजे कॅन सरळ असताना थेंबही गळत नाही, कलला की बारीक धार येते. छिद्र मोठे झाले तर तीन लिटर पाच-सहा जणांत संपते. बारीक राहिले तर दीडशे मि.ली.त एकाचे हात धुऊन होतात आणि वीस जणांना पाणी पुरते. झाकणाला छिद्र पाडून त्यातून दोरी ओवा, आतल्या बाजूला गाठीत काडी अडकवा आणि दोरीचे दुसरे टोक पायकाठीला बांधा, असे की काठीचे एक टोक जमिनीला टेकेल आणि दोरीकडचे टोक वीतभर वर राहील. पाय दाबला की कॅन कलतो, उचलला की सरळ होतो. हात कशालाच लागत नाही. झाकणाचे छिद्र दोरीने गच्च भरले तर आत हवा जात नाही आणि धार तुटक येते. शेजारी सुईने एक बारीक छिद्र पाडा.

साबणाच्या वडीचे चार तुकडे करा, एका तुकड्याला मधोमध छिद्र पाडून दोरीने टांगा. वरच्या बाजूला नारळाची करवंटी पालथी ओवली तर पावसाने साबण विरघळत नाही आणि कावळ्यालाही तो सहजी नेता येत नाही. कावळे साबण नेतात, घुशी कुरतडतात. हात धुण्याची जागा बंद पडते ती बहुतेक वेळा पाण्यावाचून नव्हे, साबणावाचून. कांद्याच्या जाळीत तुकडे भरून टांगले तरी चालते. खाली दीड फूट लांब-रुंद आणि वीतभर खोल खड्डा करून गिट्टी भरा, नाहीतर चिखल होतो, डास होतात आणि बाया म्हणतात, काढून टाका ते. जागा कडुलिंबाच्या सावलीत निवडा. मे महिन्यात उन्हातल्या कॅनचे पाणी हात पोळवते आणि प्लास्टिक वर्षभरात ठिसूळ होऊन तडकते.

हात धुण्याची क्रिया आपण शाळेत शिकवतो, पण दोन जागा नेहमी राहतात: अंगठे आणि नखांची टोके. ज्या बोटांनी भाकर मोडतो, घास उचलतो तीच ही जागा. हात ओले करा, साबण लावा, तळहात, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या चोळा. मग एकेक अंगठा दुसऱ्या मुठीत धरून फिरवा. शेवटी पाची बोटांची टोके दुसऱ्या तळहातावर घासा, म्हणजे नखांखाली साबण जातो. मनगट विसरू नका. मनगटातला गंडा-दोरा ओला राहतो आणि मळ धरून ठेवतो. बांगड्या वर सारून खालची कातडी चोळा. चोळणे वीस सेकंद व्हायला हवे. मुलांना वीसचा पाढा एकदा म्हणायला लावा, वेळ बरोबर जुळते. मग हात कोरडे करा. ओला हात कोरड्यापेक्षा जास्त जंतू उचलतो, आणि पदराला किंवा दुपट्ट्याला पुसला तर धुतलेले वाया जाते. झटकून वाऱ्यावर वाळवणे घरातल्या सामायिक टॉवेलपेक्षा चांगले.

शेतात नेहमीच्या पाण्याच्या कॅनशिवाय लिटरभराची एक वेगळी बाटली न्या, झाकणाला दाभणाने तीन छिद्रे पाडलेली. ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, झाडाच्या फांदीला उलटी टांगली की शिदोरी सोडण्याआधी पाच-सहा जणांचे हात होतात. फवारणीच्या दिवशी मात्र एवढ्यावर भागणार नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. विष शरीरात जाण्याचे मार्ग अनेक आहेत, नाक आणि उघडी कातडी त्यांत मोठे. पण हातावरून तोंडात जाणारा मार्ग पूर्णपणे आपल्या हातात आहे आणि तो खर्ऱ्याने, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या पुडीने, उघडा राहतो. पंप खाली ठेवून, पुडी सोडून चिमूट तोंडात टाकायला अर्धे मिनिटही लागत नाही, आणि त्या चिमटीबरोबर औषधही जाते. बिडीचेही तेच. फवारणीच्या जागी किमान दहा लिटर पाणी आणि साबण वेगळा ठेवा. हातमोजे असतील तर ते काढण्याआधी मोज्यांसकट हात साबणाने धुवा, मग मोजे काढून पुन्हा धुवा. उलट क्रमाने केले तर मोज्यावरचे औषध बोटांना लागते. औषध अंगावर सांडले तर कपडे लगेच उतरवून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. डिझेल किंवा रॉकेलने हात धुऊ नका. त्याने मळ निघाल्यासारखा दिसतो, पण कातडीचे तेल जाऊन विष आत शिरायला वाट होते.

साबणही नसेल तेव्हा काय? चुलीची राख. पऱ्हाटी, तुराट्या, लाकूड जाळलेली, पूर्ण जळून पांढुरकी झालेली, थंड आणि चाळलेली. ती क्षारयुक्त असते, चोळल्याने मळ आणि चिकटा सोडवते. साबणाची बरोबरी ती करत नाही, पण नुसत्या पाण्यापेक्षा बरी. झाकणाच्या डब्यात कोरडी ठेवा. भिजलेली राख कातडीला चावते. प्लास्टिक किंवा पन्नी जाळलेल्या चुलीची राख घेऊ नका. माती मात्र नको. अंगणातल्या मातीत ढोरांचे, कोंबड्यांचे, लहान मुलांचे सगळेच मिसळलेले असते. जंतांची अंडी तिच्यातच टिकतात. रिठ्याच्या फेसाने मळ निघतो, घरी असेल तर वापरा. तुरटी पाणी निवळते, हातावरचे जंतू मारत नाही. कडुलिंबाच्या काढ्यावरही भिस्त ठेवू नये.

ग्रामपंचायतीकडे टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर असते. साथीच्या काळात, साबण नाहीच अशा ठिकाणी, तिचे पाणी हातांसाठी वापरता येते: ३३ टक्के क्लोरीनची ताजी पावडर १५ ग्रॅम, १० लिटर पाण्याला. प्लास्टिकच्या बादलीत करा, अर्धा तास स्थिर ठेवा, वरचे निवळ घ्या, आणि रोज नवे करा, कारण क्लोरीन उडून जाते. पोत्याचे तोंड उघडे राहिले, ओल लागली तर पावडर पांढरीच दिसते पण तिच्यात जोर राहत नाही. गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या जलसुरक्षकाने पोते बांधून कोरड्यात ठेवायला हवे. हे पाणी प्यायचे नाही, आणि त्यात संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीही मिसळायचे नाही, विषारी वायू होतो. रोजच्या वापराने कातडी जळजळते, म्हणून हा शेवटचा उपाय.

घरी सॅनिटायझर बनवण्याच्या कृती मोबाइलवर फिरतात, त्याबद्दल कळकळीने सांगतो: करू नका. अल्कोहोल ६० टक्क्यांच्या खाली गेले की त्याचा जोर झपाट्याने उतरतो. ७० टक्क्यांच्या १०० मि.ली. सॅनिटायझरमध्ये ५० मि.ली. कोरफडीचा गर घातला की उरतात ४७ टक्के. दुकानातली विदेशी दारू ४२.८ टक्क्यांची, मोहाची तर कधी किती हे कोणीच सांगू शकत नाही. हातावर ओतून काही साधत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात १० लिटरसाठी ९६ टक्के इथेनॉल ८,३३३ मि.ली., ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मि.ली. आणि ग्लिसरॉल १४५ मि.ली. लागते, बाकी उकळून थंड केलेले पाणी, आणि वापरण्याआधी ७२ तास ठेवावे लागते. हे मोजमाप औषधनिर्मात्याचे आहे, स्वयंपाकघरातले नाही. त्यात मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल आले तर डोळे जातात, जीव जातो. जवळ सॅनिटायझर असेलच तर लावल्यावर हात पूर्ण वाळल्याशिवाय चुलीजवळ जाऊ नका. त्याची ज्योत उजेडात दिसतही नाही.

बाटली कुठे ठेवायची यालाही तेवढेच महत्त्व आहे. ३१ जानेवारी २०२१ ला घाटंजी तालुक्यात पोलिओच्या थेंबांऐवजी १२ मुलांच्या तोंडात सॅनिटायझर गेले. एप्रिल २०२१ मध्ये वणीत दारू मिळत नाही म्हणून सॅनिटायझर प्यायलेल्यांचे जीव गेले. लसीच्या टेबलावर सॅनिटायझरची बाटली वेगळ्या रंगाच्या झाकणाची आणि वेगळ्या टोकाला असावी; घरी ती मुलांच्या आणि व्यसनी माणसाच्या हाताला लागू नये.

शाळेचा प्रश्न गर्दीचा आहे. पोषण आहाराच्या सुट्टीत ६० मुले आणि एक नळ. प्रत्येकाला ४० सेकंद धरले तर शेवटच्या मुलाचा नंबर ४० मिनिटांनी लागतो. तोवर खिचडी निवते, म्हणून मुले हात न धुताच बसतात. यात मुलांचा दोष नाही. अडीच मीटरचा एक इंची पीव्हीसी पाइप मुलांच्या कमरेच्या उंचीवर आडवा बसवा, फूटभर अंतरावर ३ मि.मी.ची आठ छिद्रे खालच्या बाजूला पाडा, एक टोक बंद करा, दुसऱ्याला टाकीकडून एकच कॉक. आठ मुले एकदम धुतात, साठांचे पाच-सहा मिनिटांत होते. पाइप काटेकोर सपाट हवा, नाहीतर उताराकडच्या छिद्रातून पाणी भडाभडा आणि वरच्यातून काहीच नाही. छिद्रे क्षाराने महिन्याभरात बुजतात. दर शनिवारी तारेने मोकळी करा. सांडपाणी परसबागेत सोडा.

ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेल्या, निधीत स्वच्छता आणि पाणी हे विषय आहेतच. त्यातून शाळेचा पाइप, अंगणवाडी, सार्वजनिक संडास आणि हापशीजवळ एकेक पायाचा कॅन आणि साबणाची वर्षभराची तरतूद ग्रामसभेत मंजूर करून घ्या. वस्तू बसवून फोटो काढला की काम संपते, असे समजले तर आठवड्यात कॅन रिकामा होतो. प्रत्येक कॅन सकाळी कोण भरणार आणि साबण संपला की कोणाला सांगायचे, हे शेजारच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवा.

आपले,
पाणी व स्वच्छतेचे काम करणारे काही ग्रामीण कार्यकर्ते,
जि. यवतमाळ